शिट्टी माझ्याकडेच आहे

कार्डिफ, वेल्स
श्रावणातला रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर "डोंगरावर जाऊन आले, नीट पोचले" एवढंच सांगितलं. बाकीचं त्या दोन मिनिटांत बसणारं नव्हतं. म्हणून आज सकाळपासून पत्र लिहायला बसले आहे.

डोंगराचं नाव पेन-अ-व्हॅन. दक्षिण वेल्समधला सगळ्यात उंच, ८८६ मीटर. ज्या डोंगररांगेत तो आहे तिला आपण नकाशात ब्रेकन बीकन्स म्हणून वाचायचो. २०२३ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने आपलं जुनं वेल्श नावच पुढे केलं आहे, बॅनाय ब्रखेनिऑग. वेल्श शब्द उच्चारायला अवघड आहेत, पण अर्थ कळला की आपलेच वाटतात. केव्हन म्हणजे पाठ. आपण डोंगराची सोंड म्हणतो, हे पाठ म्हणतात. शेजारच्या शिखराचं नाव कॉर्न दी, म्हणजे काळं शिंग. बाबा, डोंगराला जनावर समजणारी माणसं इथेही आहेत, हे बघून तुमची फार आठवण आली.

हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या मैत्रिणीच्या गाडीतून आम्ही दोघीच गेलो. बहुतेक लोक हायवेच्या बाजूने चढतात. तिथे इतकी पावलं पडतात की माती वाहून जाते, म्हणून नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेची माणसं हाताने दगड बसवून वाट बांधतात, गडावरच्या फरसबंदीसारखी. आम्ही मात्र उत्तरेकडून, ब्रेकन गावाच्या बाजूने गेलो. तिकडे कुम लूख नावाची दरी आहे. दरीच्या पोटात एक तळं, आणि तळ्याला तिन्ही बाजूंनी मिठी मारावी तशी डोंगराची धार. एका बाजूने धारेवर चढायचं, तळं डाव्या हाताला ठेवत दोन्ही शिखरं करायची आणि दुसऱ्या बाजूच्या पाठीवरून उतरायचं. सगळं मिळून दहा-अकरा किलोमीटर. झाड जवळजवळ नाहीच. गवत, नेचे, मेंढ्या, आणि वाऱ्याला अडवणारं काही नाही.

आई, तळ्याची गोष्ट तुझ्यासाठी. वर्षातून एकदा, एक मे रोजी, तळ्याजवळच्या कातळात दार उघडायचं म्हणे. आतून वाट तळ्यातल्या एका बेटावर जायची. बाहेरून ते बेट कुणाला दिसायचं नाही. तिथली परी-मंडळी पाहुण्यांचं फुलाफळांनी स्वागत करायची, अट एकच, तिथलं काही बाहेर न्यायचं नाही. एकाने फूल खिशात घातलं. बाहेर पाऊल टाकताच फूल नाहीसं झालं आणि त्याचं भानही हरपलं. तेव्हापासून दार बंद. तुझ्या श्रावणातल्या कहाण्यांमध्ये ही सहज खपली असती, फक्त शेवटी उतू नये, मातू नये म्हणणारं कुणी नव्हतं.

तळ्यावरून वर धारेला लागलो की एक दगडी स्तंभ येतो. त्याच्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

४ ऑगस्ट १९०० ची संध्याकाळ. दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात कोळशाच्या खाणीत काम करणारा एक बाप आपल्या पाच वर्षांच्या मुलाला, टॉमी जोन्सला, घेऊन आगगाडीने ब्रेकनला उतरला. आजोबांचं शेत याच दरीत होतं. वाटेत सैनिकांचा तळ होता, तिथे दोघं जरा टेकले. तिथेच आजोबा भेटले, सोबत तेरा वर्षांचा चुलतभाऊ होता. आजीला वर्दी द्यायला भाऊ पुढे शेताकडे निघाला, टॉमीही त्याच्या मागे धावला. अर्ध्या वाटेत अंधाराला घाबरून टॉमी रडू लागला, बाबांकडे परत जायचं म्हणाला. दोघं तिथेच वेगळे झाले. भाऊ शेतावर निरोप देऊन थोड्या वेळात परत आला. टॉमी पोचलाच नव्हता.

सैनिक, पोलीस, शेतकरी, सगळ्यांनी दरी पालथी घातली. २९ दिवसांनी त्याचा देह सापडला तो इथे वर, साधारण ६८५ मीटरवर. एवढंसं मूल इतकं चढून जाईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पुढच्या वर्षी लोकांनी वर्गणी काढून तिथे दगड उभा केला.

मी त्या दगडाला हात लावून उभी होते. खाली दरीत शेताची जागा दिसत होती. तेवढ्यात ढग खाली उतरला आणि दोन मिनिटांत मैत्रीणसुद्धा धूसर झाली. बाबा, मला राजगड आठवला.

मी चौथीत होते. तुमच्या शाळेच्या मुलांची सहल. संजीवनी माचीवर धुकं होतं आणि मी मोठ्या मुलांच्या पुढे पळाले. चिलखती बुरुजाशी मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही. तुमची शिट्टी ऐकू येत होती, पण चारही बाजूंनी आल्यासारखी. मी भिंतीला टेकून खाली बसले. तुम्ही आलात. ओरडला नाहीत, मारलं नाहीत, एक शब्द बोलला नाहीत. फक्त मनगट धरलंत आणि पाली दरवाज्यातून खाली उतरेपर्यंत सोडलं नाहीत. त्यानंतर दोन वर्षं मला सहलीला नेलं नाहीत. मुलांसमोर मी तुमची मान खाली घातली, मी नकोशी झाले, असं मला वाटत राहिलं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. आईलाही नाही.

काल त्या दगडापाशी आठवलं, तुमचा हात थरथरत होता. इतकी वर्षं तो घट्ट होता एवढंच लक्षात राहिलं होतं.

पुढे आम्ही हळूहळू गेलो, एकमेकींना दिसेल इतक्याच अंतरावर. डावीकडे कडा होता, म्हणून वाटेच्या आतल्या अंगाने. कॉर्न दी झालं, मग छोटा उतार, आणि पेन-अ-व्हॅन. माथ्यावर ढग फाटला आणि उत्तरेकडचा सगळा हिरवा मुलूख एकदम खाली पसरला. पायाखालच्या कातळात पाण्याच्या लाटांच्या खुणा आहेत, ओल्या वाळूवर उमटतात तशा. सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीची वाळू ती, तिचाच खडक झाला. आपला सह्याद्री लाव्हाचा, हा वाळूचा. मी त्या रेघांवरून बोट फिरवत बसले. बाबा, तुम्ही असतात तर बसल्या जागी तास घेतला असतात.

उतरताना ती लांब पाठ, केव्हन कुम लूख, पूर्ण उन्हात होती. तळं पुन्हा डावीकडे, आता चकाकणारं.

आई, काळजीपोटी तू विचारतेस म्हणून सांगते. माझ्याकडे छापील नकाशा, कंपास, बॅटरी, जादा स्वेटर, सगळं असतं. किती वाजता परतणार ते घरमालकीणबाईंना सांगून जाते. इथे डोंगरात अडचण आली तर ९९९ ला फोन करून पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू मागायचं. ती सगळी आपापली कामं सोडून येणारी स्वयंसेवक माणसं असतात. फोन लागला नाही तर सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. ती शिट्टी म्हणजे बाबांचीच, शाळेच्या मैदानावरची, निघताना विमानतळावर दिली होती ती. काल ती गळ्यातच होती. आणि परतल्यावर लगेच फोन कर, असं तू म्हणतेस तेव्हा मी कुरकुर करायचे. आता करणार नाही.

बाबा, गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका, डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे तरी. दिवाळीची रजा मंजूर झाली आहे. अजिंक्यताऱ्यावर दरवाज्यापर्यंत रिक्षाने जाऊ, तिथून मंगळाईच्या देवळापर्यंत चालत. वेळ लागला तरी चालेल. तुम्ही पुढे चाला, मी मागे राहीन.

तुमची,
छकुली