आईला पत्र: मोकळे हात आणि युनिफॉर्म

लेस्टर, इंग्लंड,
रविवार, दुपार

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा हॉस्पिटलच्या युनिफॉर्ममधला माझा फोटो बघून तू फोनवर एकदम गप्प झालीस. मग हळूच विचारलंस, "हात असे मोकळे का गं?" तेव्हा ब्रेक संपत आला होता, म्हणून आज निवांत लिहितेय.

आई, ड्यूटीवर बांगड्या चालतच नाहीत. इथे २००७ पासून नियमच आहे, कोपराच्या खाली काही घालायचं नाही. घड्याळ नाही, लांब बाह्या नाहीत. साधी, बिनखड्याची लग्नाची अंगठी तेवढी चालते. घड्याळ छातीवर उलटं टाचलेलं असतं, फोटोत ते तुला बिल्ल्यासारखं दिसलं असेल. कारण सरळ आहे, मनगटापर्यंत हात नीट धुता आले पाहिजेत. जुलाबांचा एक जंतू आहे, सी. डिफ म्हणतात. त्याचे बीजाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत, साबण आणि पाण्यानेच हात धुवावे लागतात. दिवसातून किती वेळा, ते मोजणं मी सोडलंय. हातांना खोबरेल लावते, तू दिलेली बाटली संपत आली.

आता खरी गंमत. गंमत कसली, लाजच वाटली. नाईट संपवून दूध घ्यायला दुकानात गेले. कोटाची चेन उघडी, आत युनिफॉर्म. रांगेत पुढे काठी टेकून एक आजी उभ्या होत्या. वळून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हे कपडे तिथेच बदलून यायचे ना, पोरी? माझ्या नवऱ्याला इन्फेक्शन हॉस्पिटलातच झालं होतं." मी सॉरी म्हणून दूध तिथेच ठेवलं आणि बाहेर पडले.

तसं बघितलं तर युनिफॉर्ममुळे बाहेर रोग पसरतो असा ठोस पुरावा नाही. सरकारी सूचनांतही तेच म्हटलंय. पण लोकांना ते बघवत नाही, म्हणून बाहेर घालू नका किंवा झाकून जा, असंही त्यातच आहे. हे सगळं मला पाठ होतं. त्या आजींना काय सांगणार होते? आमच्याकडे लॉकर कमी आहेत हे खरं, पण तीही सबबच. आता बदलूनच निघते. युनिफॉर्म वेगळ्या पिशवीत, घरी आल्यावर मशीनमध्ये एकटाच, साठ डिग्रीला. दहा मिनिटं तेवढ्या गरम पाण्यात राहिला की जवळजवळ सगळे जंतू जातात. विजेचं बिल बघून ह्यांची कुरकुर चालू असते, असू दे.

संकेतला मात्र माझ्या वतीने झाप. परवा स्टेटसला वडापावच्या गाडीवरचा फोटो, अंगात डॉक्टरांचा पांढरा अ‍ॅप्रन! वॉर्डातून थेट तिथे आणि तिथून परत वॉर्डात. त्याच्या बाह्यांची टोकं बघितलीस का, चहाच्या फडक्यासारखी झालीत. पेशंटवर वाकला की आधी तीच टेकतात. इथल्या डॉक्टरांचे लांब बाह्यांचे पांढरे कोट त्या नियमानंतर गेलेच. त्याला म्हणावं, निदान चहाला जाताना काढून ठेव आणि आठवड्याला दोनदा तरी धू. तू धुऊन देऊ नकोस.

बांगड्या मी सुट्टीच्या दिवशी घालते गं. आत्ताही हातात आहेत. मागच्या रविवारी भांडी घासताना दोन फुटल्या, म्हणून डिसेंबरात मामी येतील त्यांच्याबरोबर डझनभर पाठव. हिरव्याच, सव्वादोनच्या. कपड्यांत गुंडाळून दे, नाहीतर इथे नुसत्या काचा पोचतील.

बाबांना नमस्कार.

तुझी,
माई