बाबा गप्प का झाले, हे कुणी तपासलेच नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी ६८ वर्षांच्या वडिलांना घेऊन मी एसटीने ४२ किलोमीटरवरच्या शासकीय रुग्णालयात गेलो. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतील, असे आम्हाला सांगितले होते. दुपारी दोनपर्यंत बाकावर बसल्यावर कळले की डॉक्टर येणार नाहीत. हा सलग तिसरा महिना आहे.

बाबांना १२ वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास आहे. गावाजवळच्या केंद्रात गोळ्या कधी मिळत, कधी संपलेल्या असत. विकत घ्यायला हाती पैसा नसला की त्या बंदच राहत. दोन वर्षांपूर्वी बाबा बदलले. पहाटेच वावरात जाणारा माणूस ओसरीवर बसून राहू लागला, पाय ओढत चालू लागला, पऱ्हाटीवर बोंडअळी आली तरी काही विचारीना. रडले मात्र एकदाही नाहीत. गावाने म्हटले, कर्जाचे टेन्शन आहे. डॉक्टरांनीही तेच म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. अखेर बैलजोडी विकून नागपूरला एमआरआय केला, तेव्हा मेंदूच्या आतल्या भागात पांढरे डाग दिसले.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण प्राणवायू तो २० टक्क्यांच्या आसपास वापरतो. वर्षानुवर्षांच्या चढ्या दाबाने त्याच्या बारीक रक्तवाहिन्या ताठर आणि अरुंद होतात, आणि उमेद, निर्णय व पुढाकार सांभाळणाऱ्या पुढच्या भागाला आतल्या भागांशी जोडणारे तंतू रक्ताअभावी झिजत जातात. एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसतात ते याच झिजेचे. उतारवयात प्रथमच येणाऱ्या नैराश्यामागे हे कारण असू शकते, ही मांडणी १९९७ सालची आहे. पक्षाघातानंतर तर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येते. प्रत्येकाचे नैराश्य असे नसते आणि कर्जाचे दुःखही खोटे नाही. पण विदर्भातला प्रत्येक गप्प माणूस कर्जाच्या खात्यात टाकला, की त्याचा रक्तदाब मोजायचे कुणाला सुचत नाही.

आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा फॉर्म भरतात, त्यात मन उदास असते का, हेही विचारतात. बाबांनी 'हो' म्हटले होते. त्या उत्तराचे पुढे काय झाले, साहेब? आमच्याकडे शेतकऱ्याने गळफास घेतला की पंचनामा होतो, समिती बसते आणि तो 'पात्र' ठरला तर कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. मेल्यावर एवढी कागदपत्रे तपासणारी ही व्यवस्था जिवंतपणी त्याला महिनाभराच्या गोळ्या देऊ शकत नाही, याचा मला संताप येतो.

रक्तदाबाची औषधे केंद्रात एक दिवसही संपू देऊ नका. मनोविकारतज्ज्ञांचा ठरलेला दिवस पाळला जाईल, असे पाहा. पन्नाशीनंतर प्रथमच उदास झालेल्या माणसाचा रक्तदाब आणि साखर तपासल्याशिवाय त्याला झोपेची गोळी देऊन घरी पाठवू नये, असा लेखी आदेश काढा.

बाबांच्या गोळ्या येत्या रविवारपर्यंत पुरतील.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी