एमएसच्या रुग्णांचा एमआरआय एकाच पद्धतीने निघू द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरहून मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूवर डाग पाडणाऱ्या एमएस या आजाराचे रुग्ण तपासणीसाठी नागपूर गाठतात. पिशवीत दोन-तीन वर्षांच्या एमआरआय फिल्म असतात, पण त्या एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. सरकारी रुग्णालयांत एमएसचा एमआरआय ठरलेल्या एकाच पद्धतीने निघावा, असा लेखी आदेश आपण काढावा, ही आमची मागणी आहे.

एमएसचा अटॅक, म्हणजे लक्षणांचा अचानक झटका, येत नसतानाही मेंदूत नवे डाग उमटत राहतात. रुग्णाला बरे वाटत असते, आणि आजार आत चालू असल्याचे एमआरआयवरच कळते. सुरुवातीच्या वर्षांत हे वेळेवर दिसले आणि औषध बदलले, तर पुढचे अपंगत्व लांबवता येते. पण 3 मिलिमीटरचा डागही एमएसमध्ये मोजायचा असतो. एमआरआय मेंदूची चित्रे कापाकापांनी घेतो; हे काप 5 मिलिमीटर जाडीचे आणि दोन कापांत एक-दीड मिलिमीटर जागा सुटलेली असेल, तर एवढा डाग नेमका त्या फटीत हरवतो. पुढच्या वर्षी डोके थोडे वेगळ्या कोनात ठेवले गेले, की तोच जुना डाग रिपोर्टात ‘नवा’ ठरतो आणि लागू पडलेले औषध उगाच बदलले जाते.

यावर नवे मशीन घ्यायची गरज नाही. 3डी फ्लेअर हा सिक्वेन्स, म्हणजे डाग उठून दिसतील अशी चित्रे काढण्याची एमआरआयची पद्धत, 1 मिलिमीटरच्या कापांत पाच-सहा मिनिटांत निघतो. जुन्या मशीनवर तो जमत नसेल तर 3 मिलिमीटरचे काप, मध्ये जागा न सोडता आणि दरवेळी कॉर्पस कॅलोसमच्या, म्हणजे मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या पट्ट्याच्या, खालच्या कडेला समांतर घ्यावेत. पहिल्या तपासणीत मज्जारज्जूही बघितलाच पाहिजे. पुढे चालणे कितपत बिघडेल याचा अंदाज बांधायला तिथले डाग फार उपयोगी पडतात, आणि नेमका तोच भाग वगळला जातो.

कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन दिल्या दिल्या चित्रे काढली तर ताजा, सुजलेला डाग उजळतच नाही. किमान 5 मिनिटे जाऊ द्यावी लागतात. टेक्निशियनने आधी इंजेक्शन देऊन त्या वेळात फ्लेअर उरकले, तर टेबल रिकामे राहत नाही. औषध सुरू झाल्यावर 3 ते 6 महिन्यांनी एक एमआरआय काढून तो पुढच्या तुलनेचा पाया धरावा आणि नंतर दरवर्षी, शक्यतो त्याच मशीनवर, काढावा. या वार्षिक तपासणीला कॉन्ट्रास्ट बहुधा लागत नाही, म्हणजे खर्चही वाचतो.

रुग्णाच्या हाती फिल्मसोबत डायकॉम फाइलची, म्हणजे संगणकावर उघडता येणाऱ्या मूळ एमआरआय चित्रांची, सीडी द्या. थर्मल फिल्म विदर्भातल्या उन्हात तापली की काळवंडते, आणि काळवंडलेल्या फिल्मवर कोणीही डाग मोजू शकत नाही.

आता दिव्यांग प्रमाणपत्राविषयी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, पण बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाची अट आहे. डागांची संख्या आणि अपंगत्व यांचे गणित सरळ जुळत नाही: मेंदूत वीस डाग असलेला माणूस नोकरी करतो, तर ब्रेनस्टेममधला, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातला, एकच लहान डाग दुसऱ्याचा तोल घालवतो. म्हणून ‘एमआरआयवर फारसे काही नाही’ एवढ्यावरून टक्के कापले जाऊ नयेत. शिवाय शरीर तापले की या रुग्णांची लक्षणे वाढतात. जानेवारीत सकाळी प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर काठीशिवाय चालणारी व्यक्ती मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी जिना चढू शकत नाही. थकवा, लघवीवरचा ताबा आणि स्मरणशक्ती तर चालून दाखवता येत नाहीत. बोर्डाने त्यांची वेगळी नोंद घ्यावी आणि मूल्यांकनात न्यूरॉलॉजिस्ट असावा.

सुरुवात मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपासून करता येईल. एमआरआय कक्षात लावण्याजोगा एका पानाचा तक्ता आम्ही मराठीत तयार केला आहे: कोणता सिक्वेन्स, किती जाडीचा काप, इंजेक्शननंतर किती वेळ. हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असाल, तेव्हा अर्धा तास द्यावा. तक्ता घेऊन येतो.

आपले,
नागपुरातील एमएस रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर, एमआरआय टेक्निशियन व फिजिओथेरपिस्ट