मजुरांचं नाटक, मजुरांसमोर

संपादक महोदय,

स्थलांतरित मजुरांवर माहितीपट निघतात, महोत्सवांत गाजतात आणि ज्यांच्यावर काढले त्यांना बहुधा दिसतही नाहीत. १९६० साली अमेरिकेत ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा शेतमजुरांवरचा माहितीपट थँक्सगिव्हिंग या मेजवानीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. मेजवानी झोडलेल्यांना ते अन्न कोण पिकवतं हे कळलं. काम मोलाचंच, पण समोरचा प्रेक्षक मजूर नव्हता.

१९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोत फिलिपिनो आणि मेक्सिकन द्राक्षमजूर संपावर गेले. तिथे लुईस वाल्डेझ यांच्या ‘एल तेआत्रो कँपेसिनो’ या शेतमजुरांच्या नाटकमंडळीने उलटी वाट धरली. ट्रकचा हौदा हाच रंगमंच, नट संपातलेच. गळ्यात ‘मालक’, ‘संपफोड्या’ अशा पाट्या. मालकाला डुकराचा मुखवटा! एका प्रहसनात तो हौसेने मजुराशी जागा बदलतो आणि स्वतःच ठरवलेल्या हालांत अडकतो. १९७० मध्ये मळेवाले करारावर आले ते संघटनेमुळे आणि ग्राहकांच्या बहिष्कारामुळे. नाटकाला सगळं श्रेय देऊ नये. पण भेदरलेल्या माणसाला मालकावर मोठ्याने हसता आलं, हेही थोडं नाही.

आपल्याकडे वगनाट्याची परंपरा घरचीच. मग ऊसतोड मजुरांवरचे प्रयोग शहरातल्या नाट्यगृहांतच का? नाट्यसंस्थांनी यंदाच्या हंगामात उसाच्या फडाजवळच्या कोप्यांपाशी जावं. आगाऊ उचलीचा हिशेब सांगणारा मुकादम एखाद्या कोयतेवालीलाच रंगवू द्यावा.

– एक नाट्यप्रेमी वाचक, बीड