चमचाभर घट्ट पेजेचे आभार

नवव्या महिन्यात माझी लेक 6 किलो 100 ग्रॅम होती. वाढीच्या तक्त्यात ठिपका पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात. चमचा दिसला की तोंड फिरवायची, घास गेलाच तर ओकारीची उबळ यायची. मी घाबरून पेज आणखी पातळ करत होते.

मालवणातल्या आमच्या अंगणवाडीतल्या ताईंनी ती वाटी बघितली आणि म्हणाल्या, "बाय, पोट एवढंसं, ते पाण्यानंच भरतंय." चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट पेज, त्यात मूगडाळ, वर चमचाभर तूप, नाचणीचं सत्वही तसंच. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. उबळ म्हणजे घास अडकणं नव्हे, हे त्यांनीच समजावलं. तरी डॉक्टरांना दाखवून यायला लावलं. जबरदस्ती करायची नाही, हे मला सर्वांत अवघड गेलं.

शेजारच्या आजी, तुम्ही काटा न् काटा काढून कुस्करलेली मुडदुशी मासळी भातात कालवून आणलीत. तो पहिला घास तिनं मागून खाल्ला. मी रडले, तुम्ही पाहिलंत.

आणि बाजारातली ती मासेविक्रेती मावशी, जी दर खेपेला "पोराक काय व्हया?" विचारून मऊ मासा बाजूला काढून ठेवायची.

पहिल्या वाढदिवसाला काट्यावर 7 किलो 200 ग्रॅम. ठिपका हिरव्यात. तुम्हा तिघींचे मनापासून आभार.