देणगीपलीकडचा संपादक

शिकागोच्या ‘पोएट्री’ या कवितेला वाहिलेल्या मासिकावरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्याचे माजी संपादक, कवी ख्रिश्चन वायमन यांच्या संपादकीय यशाचे जवळपास सगळे श्रेय त्यात दानशूर रूथ लिली यांनी २००२ मध्ये मासिकाला दिलेल्या देणगीला दिले आहे. ते पटले नाही. सुमारे दहा कोटी डॉलर ही रक्कम थोडीथोडकी नाही, हे मान्य. पण १९१२ मध्ये हॅरिएट मन्रो यांनी सुरू केलेल्या याच मासिकाने १९१५ मध्ये टी. एस. एलियट यांची ‘प्रुफ्रॉक’ ही गाजलेली कविता छापली, तेव्हा तिजोरीत असे काय होते?

वायमन २००३ मध्ये आले आणि मागच्या पानांवरच्या समीक्षेला त्यांनी धार आणली. कवींकडूनच कवींची रोखठोक परीक्षणे लिहून घेतली, त्यावर वाचकांची नाराजीची पत्रेही छापली. (आपल्याकडे परीक्षण म्हणजे बहुधा मित्राने मित्राला दिलेले प्रशस्तिपत्र!) रक्ताचा दुर्मीळ कर्करोग झालेला असतानाही २०१३ पर्यंत ते संपादक राहिले, स्वतःची कविता, समीक्षा आणि रशियन कवी मांडेलस्टामची भाषांतरेही सुरूच होती. २०११ चा अमेरिकेतील राष्ट्रीय नियतकालिक पुरस्कार ‘पोएट्री’ला मिळाला तो अंकांच्या गुणवत्तेसाठी, ठेवींसाठी नव्हे. इतक्या मोठ्या लेखात त्यांच्या समीक्षेवर एक ओळही नसावी, याचे आश्चर्य वाटते.

– एक वाचक, सातारा