सीटी नॉर्मल आला म्हणून डोकं नॉर्मल होत नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

अपघाताच्या बातमीत शेवटी हमखास असतं, "डोक्याला किरकोळ मार, उपचार करून घरी सोडलं". त्या 'किरकोळ'बद्दल लिहितेय. मागच्या पावसाळ्यात आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, पलासियाजवळ स्कूटरवरून घसरले, हेल्मेट होतं पण कोपरात लटकवलेलं (इंदूरात ते तिथेच असतं), सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि आम्ही सगळे निर्धास्त. मग दोन महिने माणूस गॅसवर दूध ठेवून विसरायचा, टीव्हीचा आवाज सहन होईना, सकाळी पोहे खाऊन परत झोपायचे. सासूबाई म्हणायच्या नाटकं आहेत, मनात मीही तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं. मेंदूत नुसते न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, नसतात, त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशीही असतात, 1856 साली विर्खो या जर्मन डॉक्टरने हे नाव दिलं, ग्लिया म्हणजे डिंक, बिचाऱ्यांना तेव्हा नुसतं चिकटवायचं काम समजत होते. त्यातल्या मायक्रोग्लिया आपापल्या गल्लीत सतत चाचपत असतात, मार लागून पेशी फुटल्या की आतलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर सांडतं आणि काही मिनिटांत यांचे हात तिकडे वळतात, कचरा उचलायला. दुसऱ्या ग्लिया, अ‍ॅस्ट्रोसाइट, त्या फुगतात, मार मोठा असेल तर जखमेभोवती कुंपणच विणतात म्हणजे सूज पुढे पसरत नाही. हे कुंपण न्यूरॉनच्या तारा परत वाढू देत नाही असंच वर्षानुवर्षं मानायचे, पण 2016 मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूत ते होऊच दिलं नाही तरी तारा काही वाढल्या नाहीत. तिसऱ्या, तारांवर वेष्टण चढवणाऱ्या पेशी मेल्या की निरोप रखडतात. सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं, ही धावपळ दिसत नाही. आणि ती लवकर थांबतेच असं नाही, जबर मार बसलेल्या काही जणांत 17 वर्षांनीही मायक्रोग्लिया चवताळलेल्याच सापडल्या.

भाऊजींचं एवढं काही नव्हतं, आता बरे आहेत, दूधही उतू जात नाही. पण घरी सोडताना हातात फक्त बिल आणि गोळ्यांची चिठ्ठी होती. तेव्हा बातमीखाली एवढं तरी छापा की उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी दिसली तर ताबडतोब परत न्या, आणि पुढे काही आठवडे माणूस चिडका, विसराळू वाटला तर त्याला नाटकी म्हणू नका.

आपली एक वाचक,
रामबाग, इंदूर